हौदा आखूड, इंजिन नवं, कागद जुनाच

जुनी पिकअप बाळगणाऱ्या माणसाला एका ठरावीक वयात एक ठरावीक ताप चढतो. लक्षणं सगळीकडे सारखीच. एका रविवारी तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो, फाळका पाडतो, हौद्याच्या लांबीकडे डोळे बारीक करून पाहतो आणि स्वतःशीच म्हणतो, 'एवढा लांब कशाला हवा?' पुढच्या रविवारी बॉनेट उघडलं जातं. आत तेल गाळत बसलेलं इंजिन दिसतं आणि पहिल्या प्रश्नाला दुसरा चिकटतो, 'हे उतरवून दुसरं चढवलं तर?' तिसऱ्या रविवारपर्यंत वहीत आकृत्या उमटलेल्या असतात आणि घरच्यांना कळून चुकतं की यंदाची दिवाळी या वहीत जाणार. ट्रॉम्बेत तर हा ताप साथीचा व्हायला सगळी सामग्री हजर आहे. एका अंगाला कोळीवाडा आणि जेट्टी, दुसऱ्या अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कुंपण, तिसऱ्या अंगाला माहुलच्या रिफायनऱ्या, टाटांचं वीजकेंद्र आणि टँकरच्या रांगा. मधे जी जागा उरते तीत माणसं राहतात, आणि माणसांतून जी उरते तीत गाड्या. उलट गाडी कापून देणाऱ्यांची मात्र टंचाई नाही. मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात वेल्डर आहेत, डेंटर आहेत, लेथवाले आहेत. आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग, दरवाजे असं सगळं सुटं मिळतं. अख्खी गाडी तेवढी मिळत नाही.

हे निव्वळ खूळ आहे म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं पटत नाही. हौदा आखूड करण्यामागे गणित आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या पार्किंगची दोन मापं आहेत: मोठं अडीच बाय साडेपाच मीटर आणि लहान २.३ बाय ४.५ मीटर. २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स ५,३२५ मिलिमीटर लांब आहे. मोठ्या खान्यात ती उभी केली की पुढे-मागे मिळून साडेसतरा सेंटिमीटर उरतात, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. लहान खान्यात ती साडेब्याऐंशी सेंटिमीटर बाहेर येते, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत साडेब्याऐंशी सेंटिमीटर हा विषय किती तास पुरतो हे मुंबईकराला सांगायला नको. बरं, त्या हौद्यात जातं काय? जेट्टीवरून बर्फ आणि मासळीचे क्रेट वाहणाऱ्या गाडीचा हौदा हा तिचा धंदा आहे, तिला कुणी हात लावू नये. पण हौशी माणसाच्या हौद्यात वर्षातून एकदा गणपती, एकदा मावसभावाचं कपाट आणि उरलेले दिवस पावसाचं पाणी असतं. गणपतीला आखूड हौदा चालतो, कपाट उभं करता येतं, आणि पाण्याची कुठल्याच मापाबद्दल तक्रार नसते.

पँट आखूड करायला दिली की शिंपी खालून चार बोटं दुमडतो आणि काम संपतं. पिकअपला 'खालून' म्हणजे कुठून, इथपासूनच वाद सुरू होतो. मागच्या चाकाच्या मागे लोंबणारा भाग उडवला तर काम स्वस्तात होतं, चाकांमधलं अंतरही तेच राहतं. पण हौदा म्हणावा तेवढा कमी होत नाही आणि चाक फाळक्याला येऊन टेकल्यासारखं दिसतं. म्हणून खरा हौशी केबिन आणि मागचं चाक यांच्यामध्ये कापायला जातो. तिथे गाठ पडते चासीशी. चासी म्हणजे पोलादाच्या दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे; गाडीचा सगळा भार तिच्यावर. ती सरळ कापून सरळ जोडली तर पुढेमागे तडा जातो तो त्या जोडाच्या आसपासच, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचा स्वभाव बदललेला असतो. म्हणून जाणता मिस्त्री तिरका किंवा पायरीचा काप घेतो आणि वर पट्टी मारतो. चासी आखूड झाली की प्रोपेलर शाफ्ट आखूड करणं आलं, आणि तो लेथवर कापून नीट बॅलन्स केला नाही तर साठच्या वेगाला आतल्या ज्येष्ठांच्या कवळ्या वाजू लागतात. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, मागच्या दिव्यांचं वायरिंग, डिझेलची टाकी, सायलेन्सर, यांतलं काहीही आपण होऊन आखूड होत नाही. एवढं सगळं पार पडलं तरी स्प्रिंगचे पाटे राहतातच. ते माल उचलायला बनवलेले. त्यांच्यावर आता अर्धा हौदा आणि त्यातली हवा. पहिल्या पावसात सायन-ट्रॉम्बे रोडवर अशा गाडीला जोरात ब्रेक मारला तर ती थांबेल यात शंका नाही, फक्त कोणत्या दिशेला तोंड करून थांबेल हे मालकानेही सांगू नये.

इंजिनाचं प्रकरण याहून रंजक, कारण त्याला प्रेक्षक जास्त. चेनपुलीला लटकलेलं इंजिन हवेत झुलताना पाहायला सगळी गल्ली जमते आणि जमलेल्या प्रत्येकाला ते कसं फिरवावं हे ठाऊक असतं. दुसरं इंजिन खाली सोडताना मात्र गर्दी पांगते. माउंटिंगची भोकं जुळत नाहीत, गिअरबॉक्सचं तोंड लागत नाही, पंखा रेडिएटरला घासतो आणि खालचा तेलाचा चेंबर पुढच्या ॲक्सलवर बसकण मारतो. ही दुखणी लोखंडाची आहेत, आणि लोखंडाच्या दुखण्यावर गोवंडीत औषध मिळतं. आजच्या इंजिनांचं दुखणं वेगळं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यापासून डिझेल इंजिन एकटं कुठे जात नाही. काजळी अडवणारा फिल्टर, अर्धा डझन सेन्सर, ईसीयू नावाचा संगणक, चावी ओळखून मगच परवानगी देणारा इमोबिलायझर, असा सगळा लवाजमा त्याच्याबरोबर लागतो. जुनं इंजिन परक्या गाडीत बसवलं तरी धूर ओकत का होईना, चालायचं. नवं आधी चौकशी करतं आणि उत्तर पटलं नाही तर गप्प बसतं.

तरीही या बेताच्या आड कौशल्य येत नाही. पैसाही येत नाही. पैसे नाहीत म्हणून मुंबईत आजवर कुठलाच बेत अडलेला नाही. आड येते ती वेगळीच गोष्ट. गाडी आपल्याला पत्र्याची दिसते, कायद्याच्या नजरेत ती कागदाची असते. नोंदणीपुस्तकात इंजिन नंबर, चासी नंबर, चाकांमधलं अंतर, रिकामं वजन आणि बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. खरी गाडी ती; रस्त्यावर उभी असते ती तिची नक्कल. तेव्हा माझं म्हणणं एवढंच की या देशात गाडी कापायची असेल तर कागदापासून कापत यावं लागतं. ज्यांनी ज्यांनी तसं केलं त्यांचे प्रकल्प तडीस गेले. बाकीच्यांचे वहीत राहिले, किंवा जप्तीच्या आवारात. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पुरेशा कडकपणे वाचून दाखवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आलं: परवानगीबाहेरच्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातलं 'दर बदलामागे' वहीवाल्याने तांबड्या शाईने लिहून ठेवावं. त्याच्या हिशेबात सगळा मिळून एकच प्रकल्प असतो; कायदा चासी वेगळी मोजतो, हौदा वेगळा, इंजिन वेगळं.

इंजिनापुरता कायदा जरा मऊ आहे हे खरं. परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन, नवा नंबर पुस्तकात चढवून इंजिन बदलता येतं. ट्रॉम्बेकरासाठी ते कार्यालय म्हणजे वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरचं एमएच-०३. तिथल्या टेबलावर विचारले जाणारे प्रश्न अगदी साधे: हे इंजिन आधी कोणत्या गाडीत होतं, त्या गाडीचं काय झालं, आणि बिल कुठे आहे? मिस्त्रीने तीन महिने घाम गाळून जे जुळवलेलं असतं ते या तिसऱ्या प्रश्नाला पुन्हा सुटं होतं. जुन्या बाजारात इंजिनाचं आयुष्य, त्याचा आवाज, त्याने पाहिलेले घाट, सगळ्याची तोंडी हमी मिळते. छापील बिल मागितलं की दुकानदार दुखावतो.

आता कागदापासून कापत आलेल्यांचा पुरावा. ट्रॉम्बे ज्या कुर्ला तालुक्यात मोडतं त्याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. या प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई बाजारात आणली: अंग इटलीच्या फियाट १२४ चं, इंजिन जपानच्या निस्सानचं. अँबॅसडरचा देह इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा होता आणि १९९० च्या दशकात तिच्या पोटात इसुझूचं अठराशे सीसी इंजिन गेलं. महिंद्रांनी अमेरिकन विलीजच्या घराण्यातल्या जीपला फ्रेंच प्यूजोचं डिझेल पाजलं आणि ती जीप महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात तहसीलदार, डॉक्टर आणि पुढारी यांना घेऊन धावली. गल्लीतल्या मिस्त्रीने हेच केलं तर आपण त्याला जुगाड म्हणतो. कंपनीने केलं की त्याला तांत्रिक सहकार्य म्हणतात आणि करारावर सही करताना फोटो काढतात. हौद्याच्या बाबतीत टाटांचं धैर्य तर पुण्याला शोभणारं. १९८८ साली त्यांनी टाटामोबाइल पिकअप काढली, आणि तिच्याच पायावर १९९१ साली सिएरा आणि १९९२ साली इस्टेट उभी केली. म्हणजे हौदा किती आखूड करावा या चर्चेत ते पडलेच नाहीत. तो त्यांनी नाहीसाच केला, त्या जागी काचा आणि गादी बसवली, आणि हौदा नसल्याचे पैसे वेगळे लावले.

मात्र आपल्या विषयाचा अस्सल नमुना पाहायचा तर बोलेरोकडे यावं लागतं, आणि बोलेरोकडे यायला अर्थसंकल्पातून जावं लागतं. २००६ साली केंद्र सरकारने चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर बाराशे आणि डिझेल असेल तर पंधराशे सीसीपर्यंतच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. त्या दिवसापासून देशातला सर्वांत प्रभावी मोटार-आरेखक दिल्लीत अर्थ मंत्रालयात बसू लागला. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची डिकी छाटून इंडिगो सीएस काढली. २०१२ मध्ये मारुतीची डिझायर ४,१६० मिलिमीटरवरून ३,९९५ वर आली. त्याच वर्षी महिंद्रांनी झायलोला मागून कात्री लावली, अडीच लिटरच्या जागी दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन दिलं आणि तिचं नाव क्वांटो ठेवलं. चाकांमधलं अंतर झायलोचंच राहिलं, म्हणजे वहीतला स्वस्तातला पर्याय. सप्टेंबर २०१६ मध्ये आली बोलेरो पॉवर प्लस. लांबी ४,१०७ वरून ३,९९५ मिलिमीटर. इंजिन २,५२३ सीसीचं उतरवून १,४९३ सीसीचं चढवलं, आणि ताकद कमी होण्याऐवजी ६३ अश्वशक्तीवरून ७० वर गेली. लांबी आखूड, इंजिन वेगळं: आपल्या वहीतला सबंध बेत, शब्दशः. आणि कापलं काय? बंपर. चासीला कुणी करवत लावली नाही, चाकांमधलं २,६८० मिलिमीटरचं अंतर जागच्या जागी राहिलं. सव्वाअकरा सेंटिमीटरलाही थोडं कमीच, पण त्यांची किंमत कराच्या तक्त्यात लिहिलेली होती. मला सर्वांत भावतात ते उरलेले पाच मिलिमीटर. डिझायरलाही तेवढेच सोडलेले आहेत. कायद्याशी पंगा न घेता कायद्याच्या किती जवळ उभं राहता येतं याचं मोजमाप बोटाच्या नखाएवढं भरतं. ही रेघ पुसली जाईल असं कुणाला वाटत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे जीएसटीचे नवे दर पाहावेत: चार मीटर आणि ठरलेल्या सीसीच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो तो न्यायाचा. कंपनीने कापलं तर करात सूट, मालकाने कापलं तर कैद, हा कुठला न्याय? प्रश्न ऐकायला फार चांगला आहे, टाळ्या मिळतात. पण कंपनीची कापलेली गाडी बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेक, धूर, दिवे अशा एकेका गोष्टीची परीक्षा देऊन येते. धडकचाचणी घ्यायची तर एक गाडी ठोकळ्यावर आदळून संपवावी लागते. कंपनीकडे दुसरी असते, वहीवाल्याकडे एकच आहे. दुसरा आक्षेप म्हणजे 'रस्त्यावर सगळेच करतात'. हौद्याच्या कडा वाढवलेले टेम्पो, डोळे दिपवणारे दिवे, कान किटवणारे सायलेन्सर यांच्याकडे बोट दाखवलं जातं. ते खोटं नाही. पण या मंडळींची परीक्षा हवालदारापुढे होत नाही, अपघातानंतर होते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, पत्र्याकडे ढुंकूनही न पाहता पुस्तक मागतो आणि दोन्हींची मापं लावतो. तिसरा आक्षेप हुशार माणसाचा: सीएनजी किट चालतं, विजेवर चालवण्याचं किट चालतं, मग आमचं इंजिन का नको? चालतं, कारण त्या किटला आधी मान्यता मिळालेली असते, ते बसवायला परवानगी काढावी लागते आणि बसवल्यावर पुस्तकात इंधनाचा रकाना बदलतो. हा आक्षेप माझ्या विरोधात मांडला जातो खरा, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांना उत्तर लांबलचक नको. तिथे कंपन्याच एकाच ट्रकचे साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी हौदे विकतात, आणि ज्याला तरीही कापायचं असतं त्याच्याकडे कापलेला तुकडा ठेवायला अंगण असतं.

शेवटचा आक्षेप वैतागाचा आहे आणि त्यात सर्वांत जास्त तथ्य आहे: कागद करत बसलो तर वर्षं जातील. जातील ना. याचा दाखला शोधायला ट्रॉम्बेकराला कुंपणापलीकडे बघितलं तरी पुरे. आशियातली पहिली अणुभट्टी, अप्सरा, तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. २००९ साली ती बंद केली. जुन्या भट्टीत अतिसमृद्ध युरेनियम जळायचं; नव्या भट्टीला कमी समृद्ध इंधन आणि दुप्पट, म्हणजे दोन मेगावॅटची ताकद द्यायची ठरली. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर इंजिन बदलायचं, इंधन बदलायचं आणि नाव तेच ठेवायचं. अप्सरा-यू १० सप्टेंबर २०१८ रोजी चालू झाली. मधे नऊ वर्षं गेली. देशातली उत्तमोत्तम डोकी, सरकारी तिजोरी आणि स्वतःचं वर्कशॉप एवढं हाताशी असताना नऊ वर्षं. त्या काळात 'येत्या रविवारी बसवून टाकू' असं तिथे कुणी म्हटलं असेल असं वाटत नाही. शेजारची सायरस भट्टी तर कॅनडाच्या आराखड्याची आणि अमेरिकेच्या जड पाण्याची, म्हणजे परदेशी सुटे भाग जुळवण्यातही ट्रॉम्बेचा हात जुना. फरक एवढाच की तिथे एक नट फिरवण्याआधी त्याची फाईल फिरते, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

राहता राहिला अगदी सरळ पर्याय. ज्याला आखूड हौदा आणि लहान इंजिन हवं आहे, त्याच्यासाठी टाटांनी ते २००५ सालीच करून ठेवलं: टाटा एस, अर्थात छोटा हत्ती. लांबी ३.८ मीटर, दोन सिलिंडर, ७०२ सीसी. पार्किंगच्या लहान खान्यात बसतो, कोळीवाड्याच्या तोंडाशी वळतो, गणपती नेतो, कपाट नेतो, आणि पुस्तकातला प्रत्येक आकडा कंपनीनेच लिहून दिलेला. करवत नाही, चेनपुली नाही, वडाळ्याला हेलपाटे नाहीत. हा पर्याय वहीवाल्यापुढे ठेवून पाहावा. तो शांतपणे ऐकून घेतो, आकडे पटतात असं म्हणतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, आणि मग खाली वाकून विचारतो की यात चार सिलिंडरचं बसेल का, आणि बसत असेल तर मागे फूटभर वाढवता येईल का.